वाटीभर पंगत

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा वाढपी होता. नाव गुणाजी. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की आमटीची बादली गुणाजीच्या हातात. हात चालू, पाय चालू, डोकं बंद. सांगितलं तेवढं करायचा. ‘ह्या रांगेत भात वाढ’ म्हटलं आणि मधला एखादा माणूस पत्रावळीसकट उठून गेला, तरी त्याच्या जागेवर भुईला भात वाढून पठ्ठ्या पुढं जायचा.

त्याची बायको चांगुणा. लाखात एक बाई. पण अंगानं अशी सुटली, अशी सुटली, की गुडघ्यांनी हात टेकले. एकशे अठरा किलो. चार पावलं चालली की भिंत धरायची. शेवटी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं. पोटातली पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली. ऑपरेशन झ्याक झालं. आता पुढचं सगळं पथ्यावर होतं. आणि पथ्य गुणाजीवर होतं.

इथंच चांगुणाचा भाऊ केरबा भडकला. हा ओढ्यापलीकडच्या गावचा. डोकं गरम, पण बहिणीवर जीव.

“चांगुणे, माझ्या घरी चल. तुझी वहिनी बघंल तुझं. ह्या माणसाच्या हाती दिली तर चार दिसांत टाके उसवत्याल.”

“न्हाई दादा. मी माझ्या घरी जाणार. हे करत्यात की.”

“हे काय करत्यात ते मला ठाव हाय!” केरबा गुणाजीकडं वळला. “दाजी, कान उघडे ठेवून ऐका. दोन चुका पोटात घालीन. तिसरी झाली की बहीण माहेरी. मग वरीसभर दारात आलासा तरी पाठवायचो न्हाई.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. घरात बोलायला चांगुणा आणि भांडायलाही चांगुणाच. ती गेली तर घरात उरणार काय? बादली!

“न्हाई चुकणार,” गुणाजी म्हणाला. “ध्यानात ठेवतो.”

दवाखान्यात जेवणखाण सांगायला एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “पंधरा दिवस नुसतं पातळ. पाणी घटाघटा नाही. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. विसरायचं नाही.”

गुणाजीनं ध्यानात ठेवलं. घरी आल्यावर लोटी घेऊन घड्याळासमोर बसला. पंधरा मिनिटं झाली, दोन घोट. पंधरा मिनिटं झाली, दोन घोट. दुपारी चांगुणाचा डोळा लागला.

“चांगुणे, ऊठ. दोन घोट.”

ती उठली, प्याली, झोपली.

“चांगुणे, ऊठ. दोन घोट.”

चौथ्या वेळेला बाई कावली. “अवं, माणूस हाय का काय! झोपलेल्या माणसाला उठवू न्हाई. गप शेजारी बसावं. आपसूक जाग आली की द्यावं.”

“चुकलं. ध्यानात ठेवतो.”

आणि ठेवलं. त्याचं हेच तर वाईट होतं. विसरला असता तर बरं झालं असतं.

दहा दिवसांनी टाके दाखवायचे होते. अकराची वेळ. दगडूची जीप ठरवली. आठ वाजता जीप दारात आली. चांगुणा मागं आडवी झाली, गुणाजी पुढं बसला. दगडू म्हणाला, “जरा इंजिन गार हू द्या,” आणि स्टेरिंगवर डोकं ठेवलं. ठेवलं ते घोरायलाच लागला. मागं चांगुणालाही डुलकी लागली.

गुणाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. झोपलेली माणसं दोन. गप शेजारी बसला.

रस्त्यानं जाणारा म्हणाला, “काय गुणाजी, कुठं?”

“दवाखान्यात.”

दोन तासांनी तोच माणूस रानातनं परत आला. “आरं, जायाचं हुतं न्हवं?”

“हळू बोल. चाललोय की.”

दगडू उठला तेव्हा बारा वाजून गेले होते. दवाखान्यात पोचले तर डॉक्टर निघून गेलेले. जेवणाच्या बाई तेवढ्या भेटल्या. त्या तडकल्या.

“अहो, अकराची वेळ होती! घड्याळात वेळ झाली की निघायचं. कुणासाठी थांबायचं नाही. कळलं?”

“चुकलं. ध्यानात ठेवतो.”

टाके दुसऱ्या दिवशी दाखवून झाले. केरबाला कळायचं ते कळलंच. त्यानं निरोप धाडला. “एक झाली.”

पुढची खेप महिन्यानं. वजन करायला. आठची एसटी. घरातनं पावणेआठला निघायचं ठरलं. चांगुणा आवरून बसली होती, फक्त वेणी घालायची राहिली होती. गुणाजी दारात उभा, डोळे घड्याळावर. काटा पावणेआठवर आला. गुणाजी निघाला.

“अवं! अवं, थांबा की! रिबीन बांधती!”

गुणाजीला ऐकू गेलं. पण कुणासाठी थांबायचं नव्हतं.

दवाखान्यात वजनकाट्यापाशी एक नवीन पोरगी होती. मान खाली, हातात कागद. तिनं नाव पुकारलं.

“चांगुणाबाई गुणाजी!”

“हाय की.”

“चढा काट्यावर.”

चढ म्हटलं, चढला.

“बावन्न,” पोरगीनं लिहून टाकलं.

तो कागद जेवणाच्या बाईंच्या हातात पडला. बाई खुर्चीवरनं उडाल्या. “एकशे अठराचे बावन्न? एका महिन्यात? कुठं आहे पेशंट?” धावत बाहेर आल्या. बघतात तर काट्यावर मिशा.

“चांगुणाबाई कुठं आहेत?”

“घरी. येणी घालतीया.”

“घरी का?”

“येळ झाली. तुमीच म्हणालासा, कुणासाठी थांबायचं न्हाई.”

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्याला समोर बसवला आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

“अहो, तिला असं मागं टाकायचं नाही. हे पथ्य एकट्या माणसाला निभत नाही. तिच्या पुढ्यात वाटीभर आणि तुमच्या पुढ्यात ढीग, असं झालं तर तिच्या घशाखाली घास उतरेल का? घरच्यांनी साथ द्यायची. तिच्या पंगतीला जो बसेल त्यानं तिच्यासारखंच जेवायचं. वाटीभर, मऊ. घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं. गोड नाही. आणि पोट फुगेपर्यंत नाही, त्याच्या आधीच थांबायचं. रोज दोघांनी मिळून चालायचं.”

“चुकलं. ध्यानात ठेवतो.”

केरबाचा निरोप आला. “दोन झाल्या.”

पण नवल असं, की ह्या खेपेला धडा बरोबर जागी पडला. गुणाजीनं चुलीपुढं दोन पाट मांडले. दोन वाट्या. चांगुणाला मुगाचं वरण, ह्यालाही मुगाचं वरण. चांगुणाला कुस्करलेलं अंडं, ह्यालाही तेच. ती चावायची, हा मोजायचा.

“अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. गीळ.”

“मला हसू येतंय. ठसका लागंल.”

“मग पयल्यापासनं मोजावं लागंल.”

संध्याकाळी दोघं ओढ्यापर्यंत चालायची. आधी भिंतीला धरून चालणारी बाई आता नवऱ्याचा दंड धरून चालायला लागली, मग दंडही सोडला. दोन महिन्यांत चांगुणा पंच्याण्णववर आली. गुणाजीचा सदरा मात्र त्याच्या अंगात वाळत घातल्यासारखा दिसायला लागला.

आणि मग केरबाच्या पोरीचं, सारिकाचं लग्न आलं.

मांडव केरबाच्या दारात. मुख्य वाढपी अर्थातच गुणाजी. चांगुणा आली, पण पंगतीला बसेना. वहिनीला म्हणाली, “मी आतच वाटीभर खाते. बाहीर समद्या बाया माझ्या ताटात बघत्यात. म्हणत्यात, ‘एवढंच? आणि घ्या की! आमची शपथ हाय!’ नको म्हणून म्हणून घास ग्वाड लागत न्हाई गं.”

“चल गं, माझ्याजवळ बस,” म्हणून वहिनीनं हाताला धरून नेली आणि पहिल्या पंगतीला बसवली.

केरबानं गुणाजीला बाजूला घेतलं. “दाजी, आज हात जोडतो. व्याही तापट हायती. आन् चांगुणाचं पथ्यबी मोडायचं न्हाई. बाईंनी जसं सांगितलंय, अगदी तसंच.”

“अगदी तसंच,” गुणाजी म्हणाला.

केरबा नवरानवरीकडं गेला. गुणाजीनं हातगाडा ओढत मांडवात आणला. चारशे माणसांचं जेवण, बादलीनं कुठवर पुरवणार? म्हणून भाताचं पातेलं, आमटीचं पातेलं आणि जिलबीच्या तीन पाट्या, सगळं गाड्यावर घेतलं होतं. त्यानं पंगतीवर नजर टाकली. त्या टोकाला चांगुणा. आणि तिच्या पंगतीला बसलेली चारशे माणसं.

बाईंचं बोलणं त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. तिच्या पंगतीला जो बसेल त्यानं.

गुणाजीनं वाढायचा डाव खाली ठेवला आणि वाटी घेतली. बाकीच्या वाढप्यांना म्हणाला, “दर माणशी एक वाटी भात. वर आमटी, पातळ. जिलबीला हात लावायचा न्हाई. आन् पाण्याचे पेले उचला.”

मुख्य वाढप्याचा हुकूम. त्यांनी उचलले.

भटजींचा माईक मांडवाच्या खांबाला लटकत होता. गुणाजीनं तो घेतला.

“मंडळी, पयला घास घ्या. गिळू नका. मी मोजतो. एक... दोन... तीन...”

चारशे तोंडं हलायला लागली. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “हे काय रं?”

“नवी पद्धत आसंल. शहरात आसंच करत्यात.”

“बोलू नका,” माईकवरनं आवाज आला. “चौदा... पंधरा...”

दुसऱ्या घासाला व्याह्यांचा जबडा दुखायला लागला. तिसऱ्याला ते ओरडले, “आरं, पाणी आण!”

“अर्ध्या तासानं.”

“जिलबी कुठाय?”

“ग्वाडाचं नाव काढू नका.”

“मग भात तरी वाढ की!”

गुणाजी त्यांच्यापुढं वाकला. “प्वाट फुगलं का?”

“न्हाई!”

“मग बराबर हाय. आत्ताच थांबायचं.”

व्याही ताडकन उठले. फेटा कानावर आला. “केरबा! वऱ्हाडाला उपाशी मारायला बोलावलं व्हय रं आमाला?”

केरबा पळत आला. बघतो तर चारशे पत्रावळ्या रिकाम्या, जिलबीच्या पाट्या भरलेल्या आणि गुणाजीच्या हातात माईक. त्याचं तोंड लाल झालं.

“दाजी! तिसरी झाली! संपलं! चांगुणा आता हितनं हलणार न्हाई. तुमी एकटं चालायला लागा!”

गुणाजीनं माईक ठेवला आणि गाड्याची दांडी धरली. “पाव्हणं, अगदी तसंच केलं की,” म्हणाला.

तेवढ्यात चांगुणा उठली. कुणी हात दिला नाही, तिनं मागितला नाही. आपली आपण उठली.

“दादा, मला न्हाई ऱ्हायाचं.”

“गप गं तू! ह्यानं काय केलं बघितलंस का?”

“बघितलं की. जाड हुते तवा पंगतीत माझ्या ताटात बघायची. बारीक व्हाय लागले तरी बघत्यात. आज पयल्यांदा कुणी बघितलं न्हाई. समद्यांच्या ताटात माझ्याएवढंच हुतं. मी पोटभर जेवले, दादा. ही चूक आसंल तर आसू दे. मी चुकीबरोबरच जाणार.”

केरबानं बहिणीपुढं हात टेकले. पण राग तर आला होता, तो कुठंतरी काढायला पाहिजे होता.

“मग न्या हिला! न्या!” तो गुणाजीवर गरजला. “आत्ताच्या आत्ता निघा! हायसा तसं निघा! आन् कुणी हाक मारली तरी मागं बघू नका!”

“हायसा तसं?”

“तसंच!”

गुणाजीचा चेहरा उजळला. बायको मिळाली होती. आणखी काय पाहिजे?

केरबा वळला, व्याह्यांच्या पाया पडला. “पाव्हणं, येडा हाय तो. बसा. आता जिलबीचा ढीग घालतो पुढ्यात.” कसंबसं वऱ्हाड बसलं. केरबा जिलबी आणायला वळला.

जिलबी नव्हती. भात नव्हता. आमटी नव्हती. मांडवाच्या तोंडाशी नुसता धुरळा होता.

हातात गाड्याची दांडी होती, म्हणून गुणाजी दांडीसकट निघाला होता. शेजारनं चांगुणा पदर खोचून झपाझप चालत होती.

“जिलबी चालली!” व्याह्यांनी हाळी दिली.

चारशे माणूस उठलं. “ए गुणाजी! थांब! आरं ए बाबा!” गुणाजीला हाक ऐकू येत होती. पण मागं बघायचं नव्हतं. गाडा ओढ्यात उतरला, ओढ्यातनं वर चढला. मागनं व्याही, त्यांच्या मागं त्यांचा सुटलेला फेटा, त्याच्या मागं वऱ्हाड, करवल्या, वाजंत्री. सगळ्यात मागं केरबा दगडूच्या जीपमध्ये नवरानवरी, पत्रावळ्या आणि पाण्याचं पिंप घालून.

गुणाजी आपल्या दारात येऊन थांबला. चांगुणानं मागं वळून बघितलं. सगळं लग्न ओढा चढून येत होतं. ती ओट्यावर बसली आणि पोट धरून हसली. मग उठून पटकन अंगण झाडायला लागली.

लग्न केरबाच्या दारात लागलं, पंगत गुणाजीच्या अंगणात बसली. बहिणीला माहेरी ठेवून घेणारा केरबा सगळं माहेर घेऊन बहिणीच्या दारात आला आणि घाम पुसत पाण्याचं पिंप उतरवायला लागला.

“दाजी,” त्याला धाप लागली होती, “गाडा का ओ आणलासा?”

“तुमीच म्हणालासा, हायसा तसं निघा.”

केरबा पिंपावर डोकं टेकून उभा राहिला. गुणाजीनं अंगणातल्या चारशे माणसांकडं एकदा बघितलं, मग त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

“पाव्हणं, तुमचा राग गेला, लई बरं वाटलं. पन एवढी माणसं कशाला धाडलीसा? आमाला घरी पोचवायला दोघं पुरली आसती.”