पहिल्या खांद्याचा हक्क

कुडवणे गावाच्या वेशीवर पिंपळाखाली गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. शिमग्यात वाघजाईची पालखी गावात शिरण्याआधी या दगडावर टेकवतात, आणि मग ती बराच वेळ हलत नाही. उन्हाने पाहुणे कंटाळतात. तेव्हा देवीचे गुरव सीतारामआजोबा त्यांना सावलीत बसवून ही हकिगत सांगतात.

फार पूर्वी एका सकाळी पालखी इथे टेकली ती उठेचना, म्हणे. खांदेकरी बदलून पाहिले, नारळ फोडला, गाऱ्हाणे घातले. मग पहिल्या खांद्याचा हक्क कोणाचा, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी यांची जुंपली. देवी आपल्या मानासाठीच अडून बसली आहे, असे दोन्ही वाड्यांना वाटत होते. "पुरणपोळ्या हाणायला सगळ्यांत पुढे, आणि पालखी उचलताना मात्र खांदे दुखतात तुमचे," असे वरच्या वाडीच्या म्हाताऱ्याने खालच्या वाडीला सुनावले. तरी पालखी जागची हलली नाही.

शेवटी रावजीची पाळी आली. गावात सर्वांत बळकट तोच. त्याने दांड्याखाली खांदा दिला. ते लाकडाचे ओझे नव्हते. मानेवर कोणीतरी बसले होते. छातीवर दोन लहान पाय लोंबत होते. ते वजन त्याच्या ओळखीचे होते.

दोन वर्षांपूर्वी मरणाच्या दारात असलेल्या भावाला त्याने शब्द दिला होता, "तुझ्या येसूला मी सांभाळीन." पोरीला असेच खांद्यावर घेऊन तो घरी आला होता. आणि काल संध्याकाळी, राखणीपायी आपला शिमगा चुकू नये म्हणून, सहा वर्षांच्या येसूला त्याने रानातल्या कुळथाच्या शेतात राखणीच्या माळ्यावर, उंच मचाणावर, एकटीला बसवले होते. एका रात्रीने काय होते, असे त्याला वाटले होते.

रावजीने तिथेच सगळ्यांसमोर हे सांगितले आणि तो रानाकडे धावत सुटला. मागून सगळा गाव.

शेतात रानडुकरांच्या खुरांच्या खुणा माळ्यापासून वीस हातांवर येऊन मागे वळल्या होत्या. माळ्याच्या खांबांभोवती वाघाच्या पंजांचे रिंगण होते. तिथले गवत दबलेले होते. रावजीने हात लावला, तर माती अजून उबदार होती. वर येसू गाढ झोपली होती.

तिला उठवून रावजी रडू लागला. "एकटी भ्यालीस ना गं?"

"एकटी कुठे होते, काका? ती होती ना खाली," येसू म्हणाली.

येसूला खांद्यावर घेऊन रावजी वेशीवर आला. आता पालखी घ्यायला त्याचा खांदा मोकळा नव्हता. तो पोरीला उतरवू लागला, तेव्हा त्या वेळच्या गुरवाने त्याचा हात धरला.

"राहू दे तिला. सकाळपासून हक्कावरून भांडतोय आपण. खांद्यावर पहिला हक्क पोराचा. त्यानंतर देवीचा."

रावजीची जागा रिकामीच राहिली. उरलेल्या तिघांनी हात लावला आणि पालखी फुलासारखी उचलली गेली, असे सांगतात.

आजही पालखी दगडावर टेकली की गुरव गावातल्या एकेका मुलाचे नाव घेतात. चिऱ्याच्या खाणीवर आलेल्या मजुरांची मुलेही त्यातून सुटत नाहीत. प्रत्येक नावाला घरचे कोणीतरी मुलाचा हात धरून "माझ्यापाशी आहे" असे सांगते. एखाद्या नावाला उत्तर आले नाही, तर माणसे त्या मुलाला शोधायला जातात आणि तोवर देवी उन्हात थांबते. ज्याला आईवडील नाहीत अशा मुलाचे नाव सर्वांत शेवटी येते. तेव्हा ढोल थांबतात. आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "आमच्यापाशी आहे."

मगच पालखी उठते.