जो नको म्हणेल त्याला हार

निंबटाकळी गावात एक भोळा कार्यकर्ता होता. भोळा आणि कार्यकर्ता, एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणा. त्याचं नाव बाळकू. काम एकच, अण्णासाहेबांच्या मागं हार घेऊन फिरायचं.

अण्णासाहेबांना पक्षाचं तालुकाध्यक्ष व्हायचं होतं. अगदी जीव टांगणीला लागला होता. सतरंज्या उचलता उचलता केस पिकले. आता नाही तर कधीच नाही.

पहिल्या बैठकीत त्यांचं नाव निघालं. अण्णासाहेब रिवाजाप्रमाणे हात जोडून म्हणाले, "मला पद नको. मी साधा शिपाई."

बाळकू उठला. "साहेब नको म्हणतायत. उगाच जबरदस्ती करू नका."

निवड पुढं ढकलली.

घरी अण्णासाहेब कडाडले, "गाढवा, मी नको म्हणालो की आग्रह करायचा असतो."

"बरं साहेब."

पुढं एका लग्नाच्या पंगतीत अण्णासाहेब म्हणाले, "जिलबी नको, मला शुगर आहे." बाळकूनं मान धरून जिलब्या कोंबल्या. अण्णासाहेब दवाखान्यात. सलाईन लावलेल्या हातानंच त्यांनी कपाळ बडवून घेतलं. "मूर्खा, हातात हार असेल तरच आग्रह करायचा."

"बरं साहेब."

मग गावातले बापू मास्तर वारले. बाळकू हार घेऊन गेला. मास्तरांचा धाकटा भाऊ रडत म्हणाला, "मला नको रे, दादाला घाल."

नको म्हणाला ना? हातात हार होता ना? बाळकूनं आग्रहानं त्यालाच घातला. मागून आलेल्या म्हाताऱ्या गडबडल्या आणि जित्या भावाचंच अंत्यदर्शन घेऊन गेल्या.

अण्णासाहेबांनी हात टेकले. "बाबा रे, हे फक्त पक्षाच्या बैठकीत. तिथं जो नको म्हणेल त्याला घाल हार. बाकी कुठं नाही."

"बरं साहेब."

शेवटी मुंबईहून निरीक्षक आले. नाव वरूनच ठरून येतं, बंद पाकिटात. निरीक्षक सगळ्यांची मतं ऐकल्यासारखं करतात आणि मग पाकीट फोडतात. या खेपेला पाकिटात अण्णासाहेबांचंच नाव होतं. ते त्यांना बिचाऱ्यांना कुठं ठाऊक?

अण्णासाहेबांनी आता धोका पत्करला नाही. उभं राहून सरळ म्हणाले, "मला अध्यक्ष व्हायचंय."

सभेत कुजबुज झाली. असं उघड कुणी बोलतं का? बाळकूनं पुढं केलेला हार मागं घेतला.

तेवढ्यात कुणीतरी निरीक्षकांपुढं चहा धरला.

"नको, मला नको," निरीक्षक म्हणाले.

बाळकूनं हार घातला.

"अहो, मला नको. मला कशाला?"

बाळकूनं हार नीट बसवला.

मग अण्णासाहेबांचे विरोधक पंजाबराव उठले. "वरचा निर्णय आम्हाला मान्य आहे." झालं, टाळ्यांचा कडकडाट. एकमतानं ठराव. निरीक्षकांनी हार चाचपला, पाकीट हळूच खिशात सारलं आणि म्हणाले, "पक्षाचा आदेश आहे, नाही कसं म्हणणार?"

अण्णासाहेब मटकन खाली बसले. "बाळकू, वाटोळं केलंस रे माझं."

"मी काय करू साहेब?" बाळकू म्हणाला. "ते किती वेळा नको म्हणाले. तुम्ही आज एकदासुद्धा म्हणाला नाहीत."