शिळा निरोप

एकदा एक आबा होते. ऋषी म्हणावं तर दाढी नव्हती, आश्रम म्हणावा तर कोल्हापूरकडच्या एका औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड होती. जुन्या यंत्रांना कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम तिथं चालायचं आणि ते शिकायला माणसं यायची. त्यातली एक शलाका. हुशार, आणि काळजी करण्यात माझ्याही पुढे. मला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरून अंदाज येईल.

शलाकानं लोखंड कापणारं एक मोठं मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर घेतलं होतं. मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. कॉम्प्युटर एका वायरवरून दोन मोटरींना निरोप पाठवतो, ‘आता इथे ये’. पापणी लवेपर्यंत असे शेकडो निरोप जातात. एक मोटर आडवं सरकवते, दुसरी उभं, आणि दोघींचा ताल जमला की कापायचं हत्यार गोल फिरतं. ताल चुकला की गोलाला पोचा पडतो.

तो पडतच होता. चाचणीसाठी कापलेल्या रिंगेवरून बोट फिरवलं की एका जागी अडखळायचं. शलाकाला वाटलं, निरोप वाटेत हरवतायत. म्हणून तिनं नियम घातला. मोटरीनं ‘मिळालं’ असं कळवायचं, आणि नाही कळवलं तर तोच निरोप परत धाडायचा, उत्तर येईपर्यंत. पोचा वाढला. तिनं नियम आणखी कडक केला. पोचाही आणखी वाढला.

त्यातच हुक्केरीशेठ येऊन उभे राहिले. दोन गावांना पाणी चढवणाऱ्या पंपाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी कवच, त्यांनी टेम्पोत घालून आणलं होतं. ज्या फौंड्रीनं ते ओतलं ती आता बंद पडलेली. म्हणजे हे एकच. याचं आतलं भोक गोल झालं नाही, तर पंप बसणार नाही, आणि गावं अख्खा उन्हाळा टँकरवर.

“मॅडम, हे बिघडलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही,” शेठ म्हणाले. “होईल ना नीट?”

“होईल,” शलाका म्हणाली.

टेम्पो मागे घेऊन शेडच्या भिंतीला लावायचा होता. तेव्हा आबांनी एक विचित्र गोष्ट केली. आपली बसायची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भिंतीच्या पुढं, बरोबर टेम्पोच्या वाटेत ठेवली. मग स्वतः मागं उभे राहून ओरडायला लागले, “येऊ द्या... येऊ द्या...” आणि अर्ध्या वाटेत गप्प झाले.

टेम्पो जागीच थांबला.

“काय झालं ओ आबा?” ड्रायव्हर बाबालालनं डोकं बाहेर काढलं. “झोपलासा काय उभ्यानं?”

“अहो, मागं मैदान पडलंय!” शेठ करवादले.

आबांनी पुन्हा “येऊ द्या” सुरू केलं. मध्येच रस्त्यावरून हॉर्न वाजवत ट्रक गेला, त्यात एक “येऊ द्या” बुडालं. पुढचं ऐकू आलं, तशी गाडी येत राहिली. खुर्चीच्या अलीकडं आबांनी “बास” म्हटलं.

“आता पुन्हा पुढं घ्या,” ते म्हणाले.

“आँ?”

“पुढं घ्या. आता ही सांगणार, हिच्या पद्धतीनं. ती ‘येऊ द्या’ म्हणाली की तुम्ही ‘आलो’ म्हणायचं. पोरी, ‘आलो’ ऐकू येईपर्यंत तेच म्हणत राहायचं. दुसरा शब्द नाही.”

“गाडीत कास्टिंग आहे, आबा!” शेठचा आवाज चिरकला.

“म्हणून तर खुर्ची ठेवलीय.”

शलाका मागं उभी राहिली. “येऊ द्या.” “आलो.” “येऊ द्या.” “आलो.” तेवढ्यात आणखी एक ट्रक भोंगा वाजवत गेला. बाबालाल ‘आलो’ म्हणाला असेल, तिला काही ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, “येऊ द्या.” भोंग्यात उत्तर कळेना. “येऊ द्या!” खुर्ची समोर दिसत होती, ‘बास’ म्हणायला हवं होतं, पण आधीचा हिशेब मिटला नव्हता. “येऊ द्या!”

कडाड्. खुर्चीचे पाय चार दिशांना गेले. मग कुठं ती किंचाळली, “बास!”

बाबालाल उतरला, खुर्चीकडं बघितलं. “मी आपला सांगतील तसा आलो, मॅडम. तुम्हीच बोलावत होतासा.”

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा तिच्याजवळ गेले. “तू खोटं काही बोलली नाहीस. ‘येऊ द्या’ हे मघाशी खरंच होतं. पण तू ते धरून बसलीस आणि तेवढ्यात गाडी पुढं निघून आली. मोटरींचंही तेच होतंय. एखादा निरोप हरवला तर हरवू दे, लगेच पुढचा येतोय. हरवलेला पुन्हा धाडलास, की ताजा त्याच्या मागं खोळंबतो, आणि मोटर जिथून निघून गेली तिथंच तू तिला परत बोलावतेस.”

“पण निरोप यायचेच थांबले तर?”

“मी गप्प झालो तेव्हा बाबालालनं काय केलं?”

“ब्रेक दाबला.”

“मी ‘बास’ म्हटलं नव्हतं. आवाज बंद म्हणजे थांबायचं, हे त्याच्या पायाला माहीत आहे. तेवढं तुझ्या मोटरींना शिकव. मग तुला दर वेळी ‘मिळालं का’ विचारावं लागणार नाही.”

शलाकानं परत धाडण्याचा नियम काढून टाकला. उशिरा आलेला निरोप मोटरीनं टाकून द्यायचा. एखादा चुकला तर त्याच ओघात पुढं जायचं. ओळीनं चुकले तर हत्यार बाजूला घेऊन दोघींनी थांबायचं. चाचणीची रिंग गोल आली. मग मशीनवर कास्टिंग चढलं.

पहिलाच जाड काप चालू असताना मशीन थांबलं. शेडमध्ये एकदम शांतता.

“गेलं?” शेठनं खांबाला धरलं.

शलाकानं वाकून बघितलं, हत्यार धातूपासून दूर उभं होतं. हादऱ्यानं वायरचा प्लग सैल होऊन निरोप बंद पडले होते. तिनं तो बसवला, आवळला, आणि काम पुढं चालू केलं.

शेवटी तिनं भोकात आतून बोट फिरवलं. कुठंच अडखळलं नाही. शेठनंही फिरवलं, आणि पुन्हा फिरवलं. तेलाच्या डब्यावर बसलेल्या आबांना तिनं विचारलं, “खुर्ची कसली आणू?”

“प्लास्टिकचीच आण,” आबा म्हणाले. “पुढच्यालाही लागेल.”

परवा माझी मुलगी स्कूटरवरून परगावी गेली, तेव्हा ‘पोचलीस का’ हा मेसेज मी एकदाच पाठवला. बरं, दोनदा.