कोर्टाबाहेरचा बाक

कुमुदताई बारटक्क्यांची संस्था तालुक्याच्या कोर्टाबाहेर बाक टाकून घरभाडं, वारसा, पोटगी अशा कामांत लोकांना फुकट सल्ला द्यायची. वकील संघाचे अध्यक्ष विंझेसाहेब यांना तो बाक भारी खुपायचा. तो हटवावा म्हणून त्यांनी अर्ज केला आणि न्यायाधीशांसमोर ऐटीत म्हणाले, “कायदा कळायला मला वीस वर्षं लागली. तो काय असा बाकावर बसून कळतो?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “खरं आहे, साहेब. पण कायदा माहीत नव्हता, ही सबब कोर्ट पहिल्याच दिवशी नाकारतं. मग मधली वीस वर्षं लोकांनी बसायचं कुठे?”

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. विंझेसाहेबांनी गुपचूप अर्ज मागे घेतला, बाहेर आले आणि बाकापाशी घुटमळले.

“सरका जरा, ताई,” ते म्हणाले.