कप्तानाच्या फरशीवरचं मेण

"कप्तान चालतो, किल्लेदार चालतो, मग माझे बाबा का नाही चालत, फादर?"

रेमंड तुस्कानो बऱ्याच वर्षांनी कुवेतहून वसईला आला होता. बाप इनास वारला तेव्हाही आला नव्हता. आता मात्र सोनेरी किनारीचा काळा ग्रॅनाइट टेम्पोत घालून आणला होता. बैल गेला नि झोपा केला, असं गाव म्हणालं ते काही उगीच नाही.

जुन्या चर्चच्या जमिनीत, नावं कोरलेल्या फरश्यांखाली, शेकडो वर्षांपूर्वीची बडी पोर्तुगीज माणसं पुरलेली. त्यांच्या रांगेत त्याला बापाचा दगड बसवायचा होता.

म्हातारे फादर अंतोन म्हणाले, "दफनभूमीत बसव."

"तिथं त्यांच्या जागी दुसऱ्याला पुरलंय."

जागा अपुरी. काही वर्षांनी घरच्यांना विचारून थडगं उकरतात, हाडं सगळ्यांच्या हाडांत ठेवतात. इनासच्या वेळी विचारायला घरचं कोणी नव्हतं.

"निदान दगडावर ह्या कप्तानासारखी अक्षरं तरी कोरून घेतो," असं म्हणत रेमंड दाराजवळच्या फरशीवर वाकला. अक्षरं बुजली होती. त्यानं गाडीची किल्ली काढली आणि खरवडू लागला.

"राहू दे, रेमंड."

"किती घाण साचलीय, फादर! एवढा मोठा माणूस, आणि त्याची ही किंमत?"

फादर कसेबसे गुडघ्यांवर बसले. खरवडलेला चुरा रुमालात गोळा करू लागले.

"टाका हो, कचरा आहे."

"मेण आहे."

"कुणी सांडलं?"

"इनासनं. रोज संध्याकाळी इथं तुझ्या नावानं मेणबत्ती लावायचा. मी ओरडायचो, अरे, पुढं आल्तारापाशी, येशूसमोर लाव. तर म्हणायचा, 'इथनं दार दिसतं, फादर. पोरगा आला की आधी मला दिसेल.'"

किल्ली थांबली.

"तो गेल्यावर झाडणारीला मी सांगून ठेवलं होतं, बाई, तेवढी फरशी सोड."

रेमंडला रडू आवरेना. रिकाम्या अक्षरांवर तो तळहात फिरवत राहिला.

"फादर... हे परत भरता येईल?"

फादरनी रुमालाला गाठ मारली आणि तो त्याच्या हातात दिला.

"वाच बाळा. आता कप्तानाचं नाव स्वच्छ दिसतंय."