मॅगझिनमामांचं हसू

उंदीर पोलिसात होते आणि बोके फरार, त्या काळातली ही गोष्ट. उंदीरहवालदारांच्या पिस्तुलात मॅगझिनमामा राहायचे. त्यांच्या पोटात काडतुसं एकावर एक बसलेली असत. खालून स्प्रिंगआक्का सगळ्यांना वर ढकलायची आणि वर मामा ओठ घट्ट आवळून एका वेळी एकालाच बाहेर सोडायचे.

वरून दुसरे बसलेले फुटाणेराव या शिस्तीला पार कंटाळले होते. डोक्यावर ठमाबाई बसलेली, ती जाईपर्यंत यांना हलता येईना. शेवटी ते लाडात येऊन म्हणाले, "मामा, चेहरा असा सुतकी का हो? जरा मोकळं हसा की! काय रुबाबदार दिसाल!"

मामांना आजवर कुणी रुबाबदार म्हटलं नव्हतं. ते जे हसले, ते त्यांचे ओठ फाकले ते फाकलेच.

"अहो, आवळा!" आक्का खालून ओरडली. "मी ढकलते ती तुमच्या भरवशावर!"

पण मामा हसण्यात दंग.

दुसऱ्या दिवशी फरार बोका थेट चौकीच्या अंगणात उतरला. हवालदारांनी ऐटीत नेम धरला. आक्काने सवयीने ढकललं आणि फुटाणेराव व ठमाबाई एकदमच उसळून नळीच्या दारात अडकले.

"आधी मी!"

"छट्! आधी मी!"

पिस्तूल नुसतंच "टिक" म्हणालं. हवालदार पिस्तूल टाकून बिळात पळाले.

दारात अडकलेल्या फुटाणेरावांना बोका जवळ येताना अगदी स्पष्ट दिसला. तो वाकून आत डोकावला आणि मिशीवर ताव देत म्हणाला, "वा मामा! काय गोड हसता हो तुम्ही!"