उन्हात उतरलेला वकील

फार पूर्वी, राज्यांच्या सीमा अजून कुणी कागदावर आखल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. एका उंच पठारावर मेंढपाळ राहत होते. पुढे तिथे बैलगाड्या घेऊन दुसरे लोक आले आणि पठाराचे मालक होऊन बसले. त्यांना सगळे गाडीवाले म्हणत.

या गाडीवाल्यांना एका बलाढ्य राजाने त्यांच्या मुलखातून हाकलून दिलं होतं. दर सणाला ते त्या अन्यायाची गाणी गात आणि डोळे पुसत. डोळे पुसून झाले की मेंढपाळांच्या झऱ्यांना कुंपण घालत.

त्यांची कचेरी एका मोठ्या चिंचेखाली भरे. सावलीत फक्त गाडीवाल्यांनी बसायचं. मेंढपाळ आरोपीने उन्हात उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्याच्या वतीने सावलीतल्या वकिलाने बोलायचं. सावली सरकली की शिपाई आरोपीला काठीने मागे ढकलत. याला ते लोक न्याय म्हणत, आणि म्हणताना कुणाचीही जीभ अडखळत नसे!

तिथे एक तरुण वकील होता. गाडीवाल्यांच्या मुख्याचा नातू, न्यायाधीशांचा सख्खा पुतण्या. मनाने चांगला. मेंढपाळांचे खटले तोच चालवी. त्याची युक्ती ठरलेली होती. "सरकार, हे अडाणी लोक. यांना कायदा कुठला कळणार?" असं म्हणून तो शिक्षा कमी करून घेई आणि घरी जाऊन समाधानाने झोपे.

एकदा एका म्हाताऱ्या मेंढपाळणीला पकडून आणलं. तिने झऱ्याचं कुंपण मोडून मेंढ्यांना पाणी पाजलं होतं. या गुन्ह्याला शिक्षा होती पठारावरून हद्दपारी. पठाराखाली तिचं कुणीही नव्हतं.

वकिलाने सुरुवात केली, "सरकार, ही अडाणी बाई..."

"खोटं!" उन्हातून आवाज आला.

"गप्प बस, म्हातारे!" शिपाई ओरडला.

वकील सावलीच्या कडेपर्यंत गेला आणि हळूच म्हणाला, "आजी, मी तुम्हाला वाचवतोय."

"वाचवतोयस, पण मला येडी ठरवून. तो झरा माझ्या सासऱ्याने खणून मोकळा केला. म्हणून कुंपण मोडलं. तेवढं सांग की."

"ते सांगितलं तर हद्दपारी नक्की."

"मग जाईन. शहाणी म्हणून जाईन."

इतकी वर्षं वकिलाने शेकडो खटले चालवले होते. पण तुला काय सांगायचंय, असं त्याने एकाही आरोपीला विचारलं नव्हतं.

तो वळला. "काका, मघाचं बोलणं मी मागे घेतो. या बाईला सगळं ठाऊक होतं. झरा तिच्या घरचा आहे. आपल्याला हाकललं, त्याची गाणी आपण गातो. हिला हाकलल्यावर कुणी गायची?"

"पोरा," न्यायाधीश कडाडले, "आमच्या सावलीत उभा राहून आमच्यावरच उलटतोस?"

"खरंय, काका. इथे उभं राहून हे बोलणं शोभत नाही."

त्याने वकिलीचं पागोटं बाकावर ठेवलं आणि तो उन्हात म्हातारीशेजारी जाऊन उभा राहिला.

"डोकं तापलंय त्याचं! आता आणखी तापेल!" त्याचा थोरला भाऊ ओरडला. सगळे हसले.

न्यायाधीश हसले नाहीत. आरोपीच्या वतीने कुणी बोलल्याशिवाय निकाल देता येत नाही, आणि वकील आरोपीला पसंत असावा लागतो, हा कायदा त्यांच्याच वाडवडिलांनी केला होता. दुसरा एक वकील लगबगीने उठला. "सरकार, ही अडाणी..."

"हा नको मला," म्हातारी म्हणाली.

तिसरा उठलाच नाही. शेवटी न्यायाधीश वैतागून म्हणाले, "मग तूच बोल, बाई."

म्हातारी बोलली. "तुमच्या गाड्या आल्या त्या उन्हाळ्यात तुमचे बैल मरायला टेकले होते. माझ्या सासऱ्याने त्यांना याच झऱ्यावर नेलं. तुमची पोरंही तिथेच पाणी प्यायली. विचारा तुमच्या म्हाताऱ्यांना."

कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या गाड्यांमधून आलेल्या पोरांत न्यायाधीशही होते. मग त्यांनी निकाल दिला. म्हातारी पठारावरच राहील, झऱ्याचं कुंपण निघेल. पुतण्याची वकिली मात्र रद्द. गाडीवाल्यांच्या घरात आणि सावलीत त्याला जन्मभर मज्जाव.

पुढे प्रत्येक मेंढपाळ म्हणू लागला, "आमचं आम्ही बोलू." बाकीची कुंपणंही एकेक करून निघाली. वर्षानुवर्षं भांडावं लागलं, फुकटात एकही निघालं नाही. त्या भांडणात कोणता कायदा कुठे वापरायचा, हे तो वकील त्यांना शिकवत राहिला.

तो मेंढपाळांच्या वस्तीतच म्हातारा झाला. एकदा जुना मित्र वाट वाकडी करून त्याला भेटायला आला. म्हणाला, "आज तू न्यायाधीश असतास. वाईट नाही वाटत?"

वकील हसला. "तिकडे असताना हे लोक माझे अशील होते. आता शेजारी आहेत. आणि ती म्हातारी शेवटपर्यंत मला रोज शिव्या घालायची, अगदी पोटच्या पोराला घालाव्यात तशा. आणखी काय हवं?"

तात्पर्य : दुबळ्याची बाजू घ्यायची असेल, तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं आणि मग आपली सोयीची जागा सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं.